मे संपत आला, .३४० वर किती भरवसा ठेवायचा? (एमएलबीचे आकडे आणि आपल्या ग्राउंडची शीट)

परभणी_शॉर्टस्टॉप

राम राम मंडळी. एमएलबी म्हणजे अमेरिकेतली मोठी बेसबॉल लीग, तिच्या काही निवडक खेळाडूंचे आकडे सीझनच्या सुरुवातीपासून शीटमध्ये उतरवायलो. एक ओळ म्हणजे एका खेळाडूची एक मॅच. बॅटरचे कॉलम असे: प्लेट अपीअरन्स (बॅटिंगला आलेली प्रत्येक वेळ), एटी-बॅट (त्यातून वॉक, अंगावर बॉल आणि दोन्ही सॅक वजा), हिट (स्वतःच्या फटक्यावर मिळालेला बेस), डबल, ट्रिपल, होमर (दोन, तीन, चार बेसचे फटके), वॉक (चार बाहेरच्या बॉलवर फुकट पहिला बेस), अंगावर बॉल, सॅक फ्लाय (झेल जाऊनही रनर घरी), सॅक बंट (रनर पुढं सरकवायला हळूच टेकवलेला बॉल, बॅटर आउट), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट). पिचरचं पान वेगळं: इनिंग, हिट, अर्न्ड रन (फील्डरच्या चुकीविना पिचरवर लागलेले), वॉक, स्ट्राइकआउट, होमर. हीच शीट कॉपी करून कॉलेजच्या टीमलाही लावली. तिथं मॅच सात इनिंगची.

आता अडायलंय कुठं ते सांगतो. बॅटिंग अ‍ॅव्हरेज (हिट ÷ एटी-बॅट) बरोबर येतं, पण ऑन-बेस (बॅटर बेसवर पोचल्याचं प्रमाण) अधिकृत आकड्याशी जुळंना. एमएलबीत फरक दोन-तीन पॉइंटांचा (एक पॉइंट म्हणजे .००१), कॉलेजच्या शीटमध्ये मात्र लईच. पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागं अर्न्ड रन) तर कधीच जुळत नाही. उदाहरणार्थ एका पिचरच्या तीन मॅच ५.२, ६.१ आणि ४.२ इनिंगच्या, मिळून ७ अर्न्ड रन. शीट म्हणतंय १५.५ इनिंग, ईआरए ४.०६. साइटवर ३.७८.

दुसरी गोष्ट समजुतीची. एक बॅटर आहे (नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर इथं त्याच्या चाहत्यांची भांडणं लागतील). मे अखेर त्याचे आकडे: १६७ प्लेट अपीअरन्स, १५० एटी-बॅट, ५१ हिट, त्यात ६ होमर, १४ वॉक, १ अंगावर बॉल, २ सॅक फ्लाय, ३० स्ट्राइकआउट. अ‍ॅव्हरेज .३४०. त्याच्या आधीच्या सीझनचं अ‍ॅव्हरेज .२७० च्या आसपास. हा खरंच सुधारला का नशीब जोरावर आहे, हे आकड्यांतूनच कसं ओळखायचं? आणि पिचरमध्ये ईआरए सोडून नेमकं काय बघायचं?

स्कोअरशीट_नांदेड

भाऊ, तुमचे दोन्ही घोळ भाजकाचे आहेत.

ऑन-बेसला तुम्ही सरसकट प्लेट अपीअरन्सने भागत असणार. सूत्र असं: (हिट + वॉक + अंगावर बॉल) ÷ (एटी-बॅट + वॉक + अंगावर बॉल + सॅक फ्लाय). सॅक बंट भाजकात नाही, सॅक फ्लाय आहे. बंट हा मॅनेजरच्या हुकमावरून दिलेला बळी, म्हणून तो बॅटरच्या खात्यावर टाकत नाहीत. फ्लाय मारताना मात्र बॅटर हिटसाठीच बॅट फिरवत असतो, असं नियम धरून चालतो. एमएलबीत हल्ली बंट मोजकेच पडतात, म्हणून तुमचा फरक दोन-तीन पॉइंटांवर राहतो. कॉलेजच्या मॅचमध्ये दुसऱ्या नंबरच्या बॅटरचे २० अपीअरन्स, ५ हिट, २ वॉक, ३ बंट धरा. तुमच्या पद्धतीने ७ ÷ २० = .३५०, नियमाने ७ ÷ १७ = .४१२. एवढ्या फरकाने पोराची बॅटिंग ऑर्डर बदलते.

अ‍ॅव्हरेजच्या भाजकात मात्र वॉक, अंगावर बॉल, सॅक फ्लाय, सॅक बंट यांतलं काहीच येत नाही. ही सूटही कायमची नव्हती. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये ४५६ एटी-बॅटमध्ये १८५ हिट मारून .४०६ केलं, तेव्हा सॅक फ्लाय साधा आउट म्हणूनच मोजला जायचा. आजची सवलत १९५४ पासूनची.

आणखी तीन जागा, जिथं हमखास चुकतं. एररवर (फील्डरच्या चुकीवर) बेस मिळाला तर एटी-बॅट धरायचा, हिट नाही, आणि ऑन-बेसच्या अंशातही तो नाही. फील्डर्स चॉइसला (फील्डरने बॅटरऐवजी दुसऱ्या रनरला टिपायला बॉल टाकला तर) तोच नियम. तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटली आणि बॅटर पळत पहिल्या बेसवर पोचला, तरी स्ट्राइकआउट लागतोच, पिचरलाही आणि बॅटरलाही. कॉलेजच्या मॅचमध्ये हे दर दोन-तीन इनिंगला होतं.

ताळा घ्यायला शीटच्या टोकाला एक कॉलम टाका: एटी-बॅट + वॉक + अंगावर बॉल + सॅक फ्लाय + सॅक बंट. ही बेरीज अपीअरन्सएवढीच यायला पाहिजे. तुमच्या .३४० वाल्याची घेतली: १५० + १४ + १ + २ = १६७. जुळली. कुठं एकाने कमी पडली तर कॅचर इंटरफेरन्स (कॅचरने बॅटला केलेली आडकाठी) शोधा, तो एटी-बॅटमध्येही नसतो आणि ऑन-बेसच्या भाजकातही नसतो.

आता ईआरए. इनिंगच्या आकड्यातलं .१ म्हणजे एक आउट, .२ म्हणजे दोन. तो दशांश नाहीच, त्यामुळे तो कॉलम सरळ बेरजेला लावता येत नाही. इनिंगचा कॉलम काढून टाका आणि आउट लिहा: ५.२ चे १७, ६.१ चे १९, ४.२ चे १४. बेरीज ५०. ईआरए = अर्न्ड रन × २७ ÷ आउट, म्हणजे ७ × २७ ÷ ५० = ३.७८. साइटचा आकडा आला. सात इनिंगच्या मॅचला २७ ऐवजी २१ घ्या. तुम्ही ९ इनिंगचं सूत्र जसंच्या तसं उचललं असेल तर कॉलेजच्या पिचरांचा ईआरए फुगलेला दिसत असेल. आपसात तुलना करायला त्याने बिघडत नाही, पण तीन रन देणाऱ्याला चार रन देणारा ठरवल्यासारखं होतं.

एक सूचना. शीटमध्ये ५/२ किंवा ५-२ असं लिहू नका, ते लगेच त्याची तारीख करून टाकतं. आणि रोजच्या अ‍ॅव्हरेजचं अ‍ॅव्हरेज कधीच काढायचं नाही. ४ पैकी २ आणि १ पैकी ० यांची सरासरी .२५० येते, खरं अ‍ॅव्हरेज ५ पैकी २, म्हणजे .४००. आधी बेरजा, भागाकार शेवटी.

एवढं करूनही कधीकधी एखादा हिट जुळणार नाही. अधिकृत स्कोअरर मॅच संपल्यावरही एररचा हिट किंवा हिटचा एरर करू शकतो. म्हणून सकाळी भरलेली ओळ दोन-तीन दिवसांनी परत ताडून बघा. अर्धवट थांबलेली मॅच पुढे खेळली तरी आकडे मूळ तारखेलाच जमा होतात. डॅनी जॅन्सन २६ जून २०२४ ला टोरांटोकडून बॅटिंगला उभा असताना पावसाने मॅच थांबली. २६ ऑगस्टला ती पुढे सुरू झाली तेव्हा तो बोस्टनचा कॅचर होता. एकाच मॅचमध्ये दोन्ही टीमकडून तो खेळला आणि सगळी नोंद जूनच्या तारखेला लागली. आपल्याकडे तारखेचा घोळ तसाही असतोच. पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी ७.०५ ची मॅच आपल्या पहाटे ४.३५ ला, पश्चिमेची ७.१० ची सकाळी ७.४० ला. शीटमध्ये अमेरिकेची तारीखच लिहा, नाहीतर डबलहेडरच्या (एका दिवशी दोन मॅच) आठवड्यात मॅचेस एकमेकींत मिसळतात.

बॅबिप_लातूर

.३४० वाल्याचं बघू.

आधी नुसत्या योगायोगाचा हिशेब. एखाद्याचा खरा दर .२८० असेल तर १५० एटी-बॅटमध्ये त्याचं अ‍ॅव्हरेज साधारण ३७ पॉइंट इकडं-तिकडं हलतं (.२८ × .७२ ÷ १५०, त्याचं वर्गमूळ). .३४० म्हणजे त्या मापाने दीडपटीहून थोडं जास्त. असे शंभर बॅटर घेतले तर पाच-एक जण काहीही न सुधारता मे अखेर .३४० वर दिसणार. आणि आपलं लक्ष जातं नेमकं त्या पाचांवर, उरलेल्यांची शीट कोण काढतंय?

दुसरी पायरी बॅबिप, म्हणजे मैदानात पडलेल्या बॉलवरचं अ‍ॅव्हरेज. (हिट − होमर) ÷ (एटी-बॅट − स्ट्राइकआउट − होमर + सॅक फ्लाय). इथं ४५ ÷ ११६ = .३८८. लीगचं बॅबिप वर्षानुवर्षं .२९० ते .३०० च्या आसपास फिरतं. ह्या गड्याला .३०० मिळालं असतं तर ११६ पैकी ३५ हिट, वर ६ होमर, म्हणजे १५० मध्ये ४१, अ‍ॅव्हरेज .२७३. हे त्याच्या जुन्या .२७० जवळच बसतं. म्हणजे फरक आहे दहा हिटांचा. शॉर्टस्टॉपच्या हाताशेजारून निघालेले, फर्स्ट बेसमनच्या मागं टपकलेले, असे दहा.

पण बॅबिप जास्त दिसला की लगेच नशीब म्हणून मोकळं व्हायचं नाही. काही जण तो कायम वर ठेवतात. जपानी बॅटर इचिरोचा कारकिर्दीचा बॅबिप .३३८ होता: डावखुरा, बॅट फिरवता फिरवताच पळायला सुटलेला. म्हणून तुलना लीगशी करू नका, त्याच्या स्वतःच्या मागच्या तीन सीझनशी करा. सलग तीन वर्षं .३०० वर असलेला माणूस एकदम .३८८ वर गेला तर ते टिकत नाही.

तिसरी पायरी: कोणता आकडा लवकर बोलायला लागतो. रसेल कार्लटन यांनी यावर काम केलंय आणि त्यांचे उंबरठे सगळीकडे वापरले जातात. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० अपीअरन्समध्ये स्थिरावतं, वॉकचं १२० मध्ये, होमरचं १७० मध्ये. स्लगिंगला (एटी-बॅटमागं फटक्यावर मिळालेले बेस) ३२० एटी-बॅट लागतात, ऑन-बेसला ४६० अपीअरन्स, आणि अ‍ॅव्हरेजला ९१० एटी-बॅट. म्हणजे ज्या आकड्यावर सगळे बोलतात तो अख्ख्या सीझनमध्येही नीट स्थिरावत नाही.

इथं लोक हमखास एक गैरसमज करून घेतात. उंबरठा ओलांडला की आकडा खरा झाला, असं नाही. त्या ठिकाणी अर्धं कसब आणि अर्धा योगायोग, एवढाच अर्थ. त्यावरून अंदाज बांधायचा तर लीगच्या सरासरीचे ९१० एटी-बॅट त्याच्या १५० मध्ये मिसळा. लीग .२४५ धरली तर (५१ + २२३) ÷ १०६० = .२५८. लीगऐवजी त्याचंच जुनं .२७० वापरलं तर (५१ + २४६) ÷ १०६० = .२८०. पुढच्या चार महिन्यांसाठी मी .२८० वर पैज लावेन, .३४० वर नाही.

त्याच्या शीटमध्ये खरं बघण्यासारखं काय आहे? स्ट्राइकआउट ३० ÷ १६७ = १८.० टक्के. हा आकडा उंबरठा केव्हाच ओलांडून गेलाय. मागच्या वर्षी तो २४ वर असेल, तर काहीतरी नक्की बदललंय. वॉक ८.४ टक्के, तोही स्थिरावलेला. आधी हे दोन कॉलम जुन्याशी ताडा. तिथं फरक नसेल आणि बॅबिप तेवढा फुगलेला असेल, तर जुलैत खाली येणार.

शेवटी बॉल किती जोरात निघाला ते. ताशी ९५ मैल, म्हणजे साधारण १५३ किलोमीटर किंवा त्याहून वेगाने निघालेला बॉल ‘हार्ड हिट’ धरतात. २०२० पासून हे मोजमाप हॉक-आयच्या कॅमेऱ्यांवर चालतं, तेच जे क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यूला दिसतं. हार्ड हिटचं प्रमाण वाढलेलं असेल तर वाढलेल्या बॅबिपलाही थोडा आधार मिळतो.

बीडचा_कॅचर

एवढा हिशेब वाचून वाटायलं की माणसाने हिट मारला हाच गुन्हा झाला. अ‍ॅव्हरेज जुनं असेल, पण पोरगं बॅट लावतं का नाही ते एका नजरेत कळतं. आणि ऑन-बेसचं कौतुक अमेरिकेत ठीक आहे. आपल्या जिल्ह्याच्या मॅचमध्ये पिचरला स्ट्राइक झोन सापडत नाही, निम्मी टीम वॉकवर बेसवर जाते. खांद्यावर बॅट ठेवून उभा राहणाऱ्याचं ऑन-बेस .५०० दाखवणार. त्याला काय लीडऑफ, म्हणजे पहिला बॅटर म्हणून, पाठवायचं?

बॅबिप_लातूर

बीडकर, दुसरा मुद्दा पटला, पहिला नाही.

२०२३ चे दोन बॅटर शेजारी ठेवा. लुईस अरायझ: अ‍ॅव्हरेज .३५४, ऑन-बेस .३९३, स्लगिंग .४६९. काइल श्वार्बर: .१९७, .३४३, .४७४. अ‍ॅव्हरेजमध्ये दोघांत १५७ पॉइंटांची दरी. ऑन-बेस आणि स्लगिंग जोडून ओपीएस केला की .८६१ आणि .८१७ एवढाच फरक उरतो. श्वार्बरच्या ११५ हिटांत ४७ होमर होते आणि वर १२६ वॉक. अरायझ चांगलाच, शंका नाही, पण नुसतं अ‍ॅव्हरेज बघितलं तर श्वार्बर टीमबाहेर बसवायच्या लायकीचा वाटतो. पण त्याच्या टीमने त्याला वर्षभर बहुतेक लीडऑफलाच खेळवला.

आपल्या मैदानावर वॉक स्वस्त आहे हे खरं. म्हणून तिथं बॅटरचं ऑन-बेस सगळ्या स्पर्धेच्या ऑन-बेसशी ताडायचं. स्पर्धेचंच .४५० असेल तर .५०० म्हणजे फार काही नाही. एमएलबीतही हाच विचार ओपीएस प्लस आणि डब्ल्यूआरसी प्लसमध्ये आहे: १०० म्हणजे त्या वर्षीची लीगची सरासरी, १३० म्हणजे तिच्यापेक्षा ३० टक्के वर, मैदानाचा परिणाम काढून टाकून. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर आहे. विरळ हवेत बॉल लांब जातो आणि कर्व्ह कमी वळतो. तिथल्या बॅटरचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलूच नये.

जुन्या वर्षांशी ताडतानाही हेच. १९६८ मध्ये बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ होता, आणि अमेरिकन लीगचा बॅटिंग चॅम्पियन यास्त्रेम्स्की .३०१ वर होता. पुढच्याच वर्षी पिचरचा माउंड (उभं राहायचा उंचवटा) १५ इंचांवरून १० वर आणला आणि स्ट्राइक झोन आकसला. २०२३ मध्ये बेस १५ इंचांचे १८ झाले, पिचरच्या पिकऑफवर (रनरला बेसवर टिपायच्या थ्रोवर) मर्यादा आली, आणि चोरलेले बेस (फटक्याविना रनरने पळून घेतलेला पुढचा बेस) २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. खेळाडू एका वर्षात एवढे वेगवान झाले नाहीत.

धाराशिव_सिंकर

पिचरबद्दल कुणीच बोलेना, म्हणून.

विजय-पराजयाचा कॉलम शीटमधून उडवला तरी चालेल. जेकब डिग्रॉम २०१८ मध्ये १० जिंकला, ९ हरला, ईआरए १.७०, आणि साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) त्यालाच मिळालं. फेलिक्स हर्नांडेझला २०१० मध्ये १३–१२ वर मिळालं. स्टार्टरला (मॅच सुरू करणाऱ्या पिचरला) विजय मिळायला पाच इनिंग आणि आघाडी लागते. आघाडी त्याचे बॅटर देतात.

ईआरएचे तोटे दोन. पहिला, मागे सोडलेले रनर. स्टार्टर दोन जण बेसवर ठेवून गेला, रिलीव्हरने (त्याच्या जागी आलेल्या पिचरने) येताच डबल दिला, दोन्ही रन स्टार्टरच्या नावावर. रिलीव्हरने पुढचे दोन आउट घेतले की त्याची मॅच शून्य रनची. म्हणून रिलीव्हरसाठी दोन कॉलम वाढवा: वारशात आलेले रनर किती, त्यातले घरी पोचले किती. दुसरा तोटा भाजक लहान असण्याचा. २० इनिंगमध्ये ३ अर्न्ड रन म्हणजे १.३५. एक रात्र वाईट गेली, एका इनिंगमध्ये ५ रन, लगेच ३.४३. पिचर तोच, फेकही तीच. एक्स्ट्रा इनिंगला दुसऱ्या बेसवर आयता ठेवलेला रनर घरी आला तर तो रन अनअर्न्ड असतो. हा नियम २०२० मध्ये आला, २०२३ पासून कायमचा झाला. त्यामुळे दहाव्या इनिंगमध्ये मॅच घालवूनही ईआरए स्वच्छ राहू शकतो.

माझ्या मते फिप (फील्डरांचा वाटा वगळून पिचरचं माप) काढा: (१३ × होमर + ३ × (वॉक + अंगावर बॉल) − २ × स्ट्राइकआउट) ÷ इनिंग + स्थिरांक. स्थिरांक ३.१ च्या आसपास असतो आणि दर वर्षी थोडा हलतो, कारण लीगचा फिप आणि लीगचा ईआरए सारखा यावा म्हणूनच तो ठेवलेला आहे. समजा ६० इनिंग, २९ अर्न्ड रन, ५ होमर, १८ वॉक, २ अंगावर, ६२ स्ट्राइकआउट. ईआरए ४.३५. फिपसाठी ६५ + ६० − १२४ = १, त्याला ६० ने भागलं तर ०.०२, म्हणजे फिप ३.१२. हा पिचर दिसतो त्यापेक्षा बराच चांगला आहे, त्याच्या मागच्या फील्डरांनी किंवा नशिबाने घात केलाय. मैदानात पडलेल्या बॉलवर पिचरचा ताबा फार थोडा असतो हे व्होरॉस मॅक्क्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडलं, फिपचं मूळ तिथंच. काही पिचर मात्र वर्षानुवर्षं फिपपेक्षा कमी रन देत राहतात असंही दिसतं, तेवढी सूट मनात ठेवा.

एक इशारा कॉलेजच्या शीटसाठी. फिप तिथं जसाच्या तसा लावू नका. आपल्या बहुतेक ग्राउंडांना आउटफील्डची कुंपणच नसते. बॉल गॅपमधून निघाला की मागं गवतात जातो आणि बॅटर पळून होमर करतो. तो होमर फील्डर किती लांबून धावत येतो यावर ठरतो, पिचरवर नाही. त्याला १३ ने गुणलं की सगळं गणित कोसळतं. तिथं पिचरसाठी तीनच कॉलम ठेवा: दर २१ आउटमागं स्ट्राइकआउट, वॉक, आणि पहिल्याच बॉलला स्ट्राइक पडल्याचं प्रमाण. तिसरा कॉलम हाताने भरावा लागेल, पण त्यातून सर्वांत जास्त कळतं.

स्कोअरशीट_नांदेड

सिंकरच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. आपल्या ग्राउंडवर हिट-एररचा निवाडाच सगळं बिघडवतो. स्कोअरर ओळखीचा असेल तर घरच्या बॅटरला हिट आणि घरच्या फील्डरला माफी, दोन्ही एकाच वेळी. नियम आहे ‘साध्या प्रयत्नाचा’: त्या जागेवरच्या सरासरी फील्डरने तो बॉल अडवला असता का? आणि खड्ड्यामुळे किंवा दगडामुळे बॉल विचित्र उसळला तर तो हिटच, फील्डरला एरर नाही. मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडतात, मुरमाच्या इनफील्डवर ग्राउंडर गुडघ्यापासून थेट छातीवर येतो. अशा मॅचमध्ये एरर वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी नियमाने हिट ठरतात, आणि त्याचे रन मग अर्न्ड होतात.

म्हणून कॉलेजच्या शीटमध्ये ‘एररवर बेस’ असा वेगळा कॉलम ठेवाच. अ‍ॅव्हरेजमध्ये घेऊ नका, पण लिहून ठेवा. जोरात ग्राउंडर मारणारा आणि जिवाच्या आकांताने पळणारा पोरगा तिथंच दिसतो. अ‍ॅव्हरेजच्या कॉलममध्ये तो शून्य असतो.

अर्न्ड रन ठरवताना इनिंग एररशिवाय परत मांडायची. दोन आउट झालेत, तिसरा आउट एररने हुकला, तर त्यानंतर आलेले त्या इनिंगमधले सगळे रन त्या पिचरसाठी अनअर्न्ड, मग पुढं होमर लागला तरी. स्कोअरशीटवर एररच्या जागी लाल पेनने एक आडवी रेघ मारा, रेघेनंतरचं वेगळं मोजा. पेन्सिलीनं लिहिलेलं उन्हात घाम पुसता पुसता निघून जातं.

जालना_लेफ्टफिल्ड

पात्रतेचं राहिलं. बॅटिंगच्या यादीत यायला टीमच्या प्रत्येक मॅचमागं ३.१ अपीअरन्स लागतात. १६२ मॅचना ५०२. टीमच्या ५४ मॅच झाल्या असतील तर १६७.४, म्हणजे तुमचा १६७ वाला अगदी काठावर, एखाद्या दिवशी यादीत दिसेल आणि बसवला की गायब होईल. साइटवर नाव सापडलं नाही तर घाबरू नका. पिचरला प्रत्येक मॅचमागं एक इनिंग.

यात एक मजेदार पळवाट आहे. कमी पडलेले अपीअरन्स शून्य हिटचे धरून मोजायचे, तरीही पहिला येत असेल तर किताब त्याचाच. टोनी ग्विनने १९९६ मध्ये असाच घेतला: ४९८ अपीअरन्स, चार कमी. .३५३ चे चार रिकामे एटी-बॅट जोडून .३४९ झाले, तरी तो वरच. त्याच ग्विनचं १९९४ चं .३९४ म्हणजे ४१९ मध्ये १६५. संपामुळे सीझन ऑगस्टमध्येच थांबला. आणखी तीन हिट असते तर .४०१.

परभणी_शॉर्टस्टॉप

आउटचा कॉलम करून बघितला, सगळ्या पिचरांचा ईआरए जुळायला लागला. ऑन-बेसही. एक पिचर तेवढा अजून एका अर्न्ड रनाने हटून बसलाय, त्याची मॅच दोन दिवसांनी परत ताडतो. .३४० वाल्याचं स्ट्राइकआउटचं प्रमाण मागच्या वर्षीही १८ च्या आसपासच होतं, म्हणजे बॅबिपचाच खेळ दिसायलाय.

शेवटचं एक. चोरलेल्या बेसचं काय करायचं? आमच्याकडं एकाचे १४ पैकी १२ यशस्वी आहेत, सर म्हणायलेत त्याला प्रत्येक वेळी पळवा.

धाराशिव_सिंकर

एमएलबीचं गणित आधी. कुणी आउट नसताना पहिल्या बेसवर रनर असेल तर त्या इनिंगमध्ये पुढं सरासरी ०.८६ च्या आसपास रन येतात. तो दुसऱ्यावर गेला तर १.१० च्या आसपास. पकडला गेला, म्हणजे एक आउट आणि बेस रिकामे, तर ०.२५ च्या आसपास. मिळकत ०.२४, नुकसान ०.६१. म्हणजे ०.६१ ÷ ०.८५, साधारण ७२ टक्के यश मिळालं तर बरोबरी. त्याखाली प्रत्येक चोरी टीमला महाग पडते. १२/१४ म्हणजे ८६ टक्के, वरवर बघता फायद्यात.

पण दोन गोष्टी तपासा. त्या बारातल्या किती चोऱ्यांमध्ये कॅचरचा थ्रो सेकंड बेसपर्यंत नीट पोचला? आपल्या पातळीवर बरेच थ्रो सेंटरफील्डला जातात, आणि तिथं कुणीही चोरतो. शीटमध्ये चोरीसमोर विरोधी कॅचरचा नंबर लिहा. बारापैकी नऊ एकाच कॅचरवरच्या निघाल्या तर तो आकडा पळणाऱ्याचा नाही, कॅचरचा आहे. दुसरं, पिकऑफ. पहिल्या बेसवर परत येताना टिपला गेला तर ते पकडल्या गेलेल्या चोरीत येत नाही. दुसऱ्या बेसकडं निघाला आणि मग टिपला, तर येतं. तुमच्या १४ मध्ये पहिल्या प्रकारचे आउट धरलेले नसतील. तसे दोन असले तर १६ पैकी १२, म्हणजे थेट ७५ वर येतो. पुढच्या मॅचला वेगळा कॉलम ठेवून बघा, आणि सरांना पळवायचंच असेल तर दोन आउट असताना, कमकुवत बॅटर समोर असताना पळवायला सांगा. तिथं नुकसान कमी असतं.